मानाच्या चटईच्या कोपऱ्यात

आधी मोजून सांगतो, कारण पुढे मी चिडणार आहे. पंचवीस मिलिमीटर रुंदीची एक चकती. तिच्यात तांब्याच्या बारीक तारेचे सात फेरे. मधोमध मोहरीहून लहान एक चिप. चिपमध्ये एकशे चव्वेचाळीस बाइट जागा, म्हणजे साधारण तेवढीच रोमन अक्षरं. बॅटरी नाही. मित्रांनो, मी एक जुना टॅग आहे आणि माझी सगळी मालमत्ता एवढीच आहे.

फोन माझ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आला की त्याच्या लहरींनी माझ्या तारेत थोडी वीज खेळते. तेवढ्यावर चिप जागी होते, तिच्यात जे लिहिलेलं असेल ते सांगते आणि फोन दूर गेला की पुन्हा झोपते. बोलायला मला फोन लागतो. ऐकायला लागत नाही. त्यामुळे मी आयुष्यभर ऐकलं खूप आणि बोललो फार थोडं. जे बोललो त्यातलं बरंचसं माझं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. कागदाच्या लांब पट्टीवर आम्ही पाचशे भावंडं चिकटलेलो होतो. प्रत्येकासमोर एक यंत्र यायचं, आम्ही उत्तर द्यायचो, पट्टी पुढे सरकायची. मला आयुष्यात मिळालेली निर्मळ शाबासकी तीच. त्या पट्टीतले वीस जण मातालेनाने मागवले आणि मी समुद्र ओलांडून सामोआला आलो.

मातालेना ऑकलंडला शिकून गावी परतली होती. शाळेत विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी संगणकावर बसायची. तिने ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान तयार केलं होतं. फोनवर ते उघडायचं, ‘वाचा’ दाबून फोन टॅगला टेकवला की टॅग वाचला जायचा. ‘लिहा’ दाबून टेकवला की चौकटीत भरलेलं टॅगवर उतरायचं. वेगळं काही उतरवून घ्यायची गरज नाही, हा तिचा अभिमान. सगळ्या फोनवर ते चालत नसे, पण गावातल्या साध्या फोनवर चालायचं. पहिल्यांदा ब्राउझर विचारायचा, ‘या पानाला टॅग वाचू-लिहू द्यायचं का?’ विचारायचा फोनवाल्याला. मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

पान चालतं का हे बघायला तिने वीस जणांतून मलाच उचललं. त्यात तिने एक चांगली अट घातली होती: टॅगवर आधीच काही लिहिलेलं असेल तर त्यावर लिहायचं नाही. पहिल्यांदा तिने माझ्यावर ‘मालो’, म्हणजे ‘नमस्कार’, असं लिहिलं. दुसऱ्यांदा लिहायला गेली तर पानाने नकार दिला. बरोबरच होतं. पण तिला चाचणी घ्यायची होती, टॅग तर तोच हाताशी होता आणि पान पुन्हा पुन्हा नाही म्हणत होतं. ती वैतागली. तिने ती अट काढून टाकली. ‘तात्पुरती,’ असं ती स्वतःशीच म्हणाली. मी ऐकलं.

मित्रांनो, ‘तात्पुरतं’ म्हणून केलेल्या गोष्टींवर माझा फार राग आहे. तो का, ते पुढे येईलच.

मातालेनाची आत्या फुआतिनो गावच्या विणकामघरात बसायची. ती विणत होती ती चटई जमिनीवर अंथरायची नव्हे. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं उकळून, त्यांची साल सोलून, ती समुद्रात भिजवून उन्हात पांढरी करायची आणि मग नखाने चिरून दोऱ्याएवढी बारीक करायची. अशी चटई हातात घेतली तर रेशमी लुगड्यासारखी घसरते. लग्नात, मयतात, कुणाला गावची पदवी मिळते तेव्हा ती उलगडून सर्वांसमोर देतात. ही चटई फुआतिनोने वर्षाहून जास्त काळ विणली. तिच्या डोळ्यांमागच्या नसा सुकत चालल्या होत्या आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून ही तिची शेवटची.

“आत्या, सांग, काय लिहू?” मातालेनाने मला तिच्या तळहातावर ठेवून विचारलं.

“आधी हे सांग, धुतल्यावर जाईल का?”

“नाही.”

“उन्हानं?”

“नाही.”

“आणि माणसांनी?”

मातालेना हसली. “माणसांनी कशाला जाईल?”

शेजारी तालोसागा विणत होती. तिची आणि फुआतिनोची मैत्री म्हणजे दिवसभराचं भांडण. ती म्हणाली, “फुआतिनो, मी पाहिलीयत ही बटणं. कपड्याच्या दुकानात असतात. उद्या कुणी तुझी चटई घेऊन दाराबाहेर पडलं की बोंब मारील हे.”

“मारू दे. तुझी चटई नेली तर बोंब मारायला कोण आहे? नेणाराच परत आणून देईल.”

बायका हसल्या. मग फुआतिनोने मला अंगठ्याने चाचपलं.

“माझ्या आईनं नऊ चटया विणल्या,” ती म्हणाली. “सगळ्या गेल्या. जायच्याच, त्या घरात ठेवायला नसतात. पण कुठं मयत असलं, लग्न असलं आणि चटया उलगडल्या, की मी मान लांब करून बघत बसते. यातली तिची कुठली? एकदाही छातीठोक सांगता आलं नाही. आता तर बघणंही संपेल. माझी चटई कुठं जायची तिथं जाऊ दे. नाव तेवढं तिच्यात बसून राहू दे. माझं आणि आईचं.”

मातालेनाने लिहिलं: विणणारी फुआतिनो, पिसाइनाची मुलगी. त्यांच्या भाषेत, त्यांच्या अक्षरांत. मधल्या मोकळ्या जागा धरून एकतीस अक्षरं. त्याआधी पानाचा पत्ता, म्हणजे कुणीही फोन टेकवला की ते पान आपोआप समोर यावं. आत्याची नजर जाणार म्हणून नाव वाचून दाखवायची सोयही तिने पानात केली होती. फोनमधल्या बाईने ते नाव असल्या परक्या उच्चारात वाचलं की तालोसागा हसून आडवी झाली.

“ही कोण बया? तोंडात गरम अळकुडी धरून बोलतेय.”

“बोलू दे,” फुआतिनो म्हणाली. “नाव तर माझंच घेतेय ना. पुन्हा लाव.”

ती बाई पुन्हा बोलली. फुआतिनोने डोळे मिटून ऐकलं. मित्रांनो, मी अभिमानाने सांगतो, त्या दिवशी मी खरं बोललो. मग एका छोट्या कापडी पिशवीत घालून मला चटईच्या कोपऱ्यात, लाल पिसांच्या किनारीखाली शिवलं.

त्याच वर्षी पलीकडच्या सवाई बेटावर एका मोठ्या घरात मयत झालं. फुआतिनोच्या घरातून ही चटई गेली. होडीतून उतरल्यावर ती उलगडली गेली, लोकांनी ‘वा’ म्हटलं आणि ती त्या घरची झाली. त्या घरची मालकीण लानुओला, तिथल्या सरदाराची बायको. तिने चटई नीट घडी करून गादीखाली ठेवली. या बेटांवर चांगल्या चटया तिथेच राहतात. माणसं त्यांच्यावर झोपतात आणि त्या सपाट राहतात.

काही महिन्यांनी लानुओलाला एका लग्नात ही चटई पुढे द्यायची होती. घडी उलगडताना तिला कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. तिच्या हातात फोन होता. पान समोर आलं.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “हे नाव विचारतंय.”

“कोण?”

“चटईतलं बटण.”

सरदार खुर्चीत पाय पसरून पंख्याचा वारा घेत होता. “मग सांग की. चटई देतंय कोण? आपण.”

“यात आधी कुणीतरी ‘विणणारी फुआतिनो’ लिहिलंय.”

“असेल विणणारी. तिचं विणून झालं.”

आणि लानुओलाने चौकटीत आपलं आणि घराण्याचं नाव भरून फोन माझ्यावर टेकवला.

तिने चोरी केली असं मी म्हणत नाही. हीच तर चीड आहे. चोर असता तर त्याच्या नावाने खडे फोडून मी मोकळा झालो असतो. त्या देशात चटई उलगडली की देणाऱ्या घराचं नाव मोठ्याने पुकारतात. विणणारीचं कुणी पुकारत नाही, कधी पुकारलेलंही नाही. चौकटीवर नुसतं ‘नाव’ लिहिलेलं होतं. मग तिथे देणाऱ्याचं नाव नाही तर काय येणार? मातालेना त्याच गावात वाढली होती, तेच पुकारे ऐकत मोठी झाली होती, पण पान लिहिताना तिच्या मनात फक्त आत्या होती. आणि माझ्यावर आधीचं काही असेल तर लिहू नये, ही अट? ती तात्पुरती काढलेली होती.

अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात एकतीस अक्षरं गेली. वर्षभराचं विणकाम, पिसाइनाच्या नऊ चटया, फुआतिनोची लांब केलेली मान. मी ओरडलो नाही. मला तोंडच दिलेलं नाही. फोन म्हणाला, ‘लिहून झालं’, आणि एक हिरवी खूण दाखवली. त्या हिरव्या खुणेचा मला आजही तिटकारा आहे.

पुढे जे झालं ते फक्त वाढत गेलं. लग्नाच्या घरातून मी दुसऱ्या घरी गेलो, तिथे तिसरं नाव. त्यापुढच्या घरात एका हुशार माणसाने ‘टेस्ट’ असं लिहिलं, वाचून पाहिलं, खूश झाला आणि तसंच ठेवून दिलं. एक पावसाळा मी गादीखाली ‘टेस्ट’ म्हणून काढला. माझ्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्याला खोकला होता. मला वाटायचं, कुणीतरी उठावं आणि विचारावं, ही विणली कुणी? कुणी विचारलं नाही. चटईची तारीफ सगळ्यांनी केली. एकदा ऑकलंडचा एक पाहुणा आला, महागडा फोन घेऊन. त्याच्या फोनवर पान उघडलं, पण त्याचा ब्राउझर टॅगवर लिहीतच नव्हता. तो चिडून घरच्यांना म्हणाला, “तुमचं हे बटण बिघडलंय.” त्या एका माणसाचे मी आभार मानतो. त्याने माझं काही बिघडवलं नाही.

इकडे मातालेनाला कुणकुण लागली. तिने टॅग लावलेली दुसरी एक चटई गावात परत आली आणि तिच्यावर भलतंच नाव निघालं. तेव्हा तिला आपली चूक कळली. ती हुशार आहे, लगेच कामाला लागली. काढलेली अट मात्र तिने परत घातली नाही. आता चुकीची नावं बसलेलीच होती, ती पुसून खरी लिहायची तर अट आड आली असती. त्याऐवजी तिने पानावर एक नवं बटण ठेवलं: ‘कायमचं बंद करा, म्हणजे नाव पुसलं जाणार नाही.’ तिने ठरवलं होतं की सुट्टीत बेटभर फिरून चटया शोधायच्या, खरी नावं लिहायची आणि एकेक टॅग बंद करत यायचं.

पण मित्रांनो, पान हे पान असतं. तिने एका संध्याकाळी ते बदललं आणि दुसऱ्या सकाळी सगळ्या बेटांवर सगळ्यांसाठी ते बदललेलं होतं. कुणाला काही उतरवून घ्यावं लागलं नाही. तिचा अभिमान होता ना, तोच.

त्याच आठवड्यात लानुओलाच्या घरी बारशाची पंगत झाली आणि देवघेवीत ही चटई फिरून तिच्याकडेच आली. तिने ती ओळखली. अशी दुसरी नव्हती. फोन टेकवला तर ‘टेस्ट’.

“अहो, आपलं नाव पुसून कुणीतरी काहीतरी भलतंच लिहून ठेवलंय.”

“लोकांना रीत राहिली नाही,” सरदार म्हणाला.

तिने नाव पुन्हा लिहिलं. मग तिला नवं बटण दिसलं. तिने ते दोनदा वाचलं. “हे मात्र कुणीतरी चांगलं केलं,” ती म्हणाली आणि दाबलं.

माझ्या चिपमध्ये काही खास जागा असतात. त्यांत शून्याचा एक होतो. एकाचा शून्य कधीच होत नाही. कारखान्यात नाही, प्रयोगशाळेत नाही, कुणाच्या रडण्याने नाही. त्या दुपारी माझ्यातले ते सगळे शून्य एक झाले. आता मी मोडेपर्यंत लानुओलाचं नाव घेणार होतो.

पुढच्या वर्षी फुआतिनोच्या गावात नवं विणकामघर बांधून झालं. उद्घाटनाला सगळीकडून बायका आल्या. लानुओला होडीने आली. तिने मनापासून ठरवलं होतं की विणणाऱ्या बायकांच्या घराला आपल्याकडची सर्वांत सुंदर चटई द्यायची. तिच्या घरच्या दोघींनी ती चटई दोन टोकांना धरून अंगणातून चालवत आणली. पुकारणाऱ्याने लानुओलाच्या घराण्याचं नाव पुकारलं. बायकांनी एका सुरात ‘वा’ म्हटलं.

फुआतिनो खांबाला टेकून बसली होती. तिला आता काही दिसत नव्हतं. ती जाड पातीच्या साध्या चटया बोटांनी विणायची.

“कशी आहे गं?” तिने तालोसागाला विचारलं.

“काय सांगू. तुझ्या हातची असती तर जळून मी आज जेवले नसते.”

“आण इकडे. बोटांना तरी कळू दे.”

तिने एक कोपरा घेतला, मग दुसरा. माझ्यावरून तिचा अंगठा गेला. मी गप्प. फोन नव्हता. असता तरी काय सांगितलं असतं? मग तिने माझ्या समोरचा, तिरक्या बाजूचा कोपरा घेतला. विणायला सुरुवात केली होती तो. तिथे एक पात उलटी दुमडून आत खोचलेली होती. पिसाइना तशी खोचायची आणि मुलीच्या हातालाही तीच सवय लागली होती. फुआतिनोचा हात थांबला.

“ही माझी आहे,” ती म्हणाली.

मातालेना धावत आली. तिने माझ्यावर फोन टेकवला. फोनमधल्या बाईने तिच्या त्याच गरम अळकुडीच्या उच्चारात लानुओलाचं नाव घेतलं. मातालेनाने पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. तिने ‘लिहा’ दाबलं. लाल ओळ आली: लिहिता येत नाही. तिचा चेहरा उतरला. पानावरचं ते ‘कायमचं बंद करा’ बटण कुणी केलं होतं ते तिला माहीत होतं.

एक दुमडलेली पात. तिला तार नाही, चिप नाही, बाइट नाहीत. ती खरं बोलली आणि मी सर्वांसमोर खोटं बोललो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला राग आला नसता का?

“तुम्ही बंद केलंत?” मातालेनाने लानुओलाला विचारलं.

“केलं. मग?” लानुओलाचा आवाज चढला, पण कान लाल झाले होते. “तुझ्या पानानं नाव विचारलं. चटई देताना दुसरं कुणाचं नाव सांगतात? पंगतीत डुक्कर वाढतेस तेव्हा त्याला रोज खाऊ घालणारीचं नाव घेतेस का तू?”

“घ्यायला पाहिजे,” तालोसागा म्हणाली. “आमच्या घरी मीच घालते. आजवर एकानं विचारलं नाही.”

काही बायका हसल्या. फुआतिनो हसली नाही. तिने मातालेनाचा हात चाचपडत धरला.

“आईचं पण गेलं?”

“गेलं, आत्या.”

लानुओलाने ते ऐकलं. ती जागची हलली नाही, पण तिचा चढलेला आवाज त्यानंतर पुन्हा कुणी ऐकला नाही.

“कापून काढा ते बटण,” तालोसागा म्हणाली. “मी कात्री आणते.”

“नको,” फुआतिनो म्हणाली. “हिनं दिली हे काही खोटं नाही. दिलीच आहे, आणि मोठ्या मनानं दिलीय. फक्त विणलेली नाही. ते राहू दे. दुसरं लाव, दुमडलेल्या पातीपाशी. लांब लाव, एकाच वेळी दोघं बोलायला नकोत.”

मातालेनाकडे माझी काही भावंडं शिल्लक होती. तिने आधी पान सुधारलं. आता चौकटी दोन आहेत: ‘विणणारी’ आणि ‘देणारी’. काढलेली अट परत आली. बंद करायचं बटण आता टॅग वाचून दाखवल्याशिवाय आणि ‘हेच ना?’ असं विचारल्याशिवाय उमटतच नाही. मग तिने नव्या टॅगवर तीच एकतीस अक्षरं लिहिली. फोनमधल्या बाईने ती वाचली.

“हेच ना, आत्या?”

“हेच. पुन्हा लाव.”

बाई पुन्हा बोलली. मातालेनाने टॅग बंद केला. पिशवी शिवायची वेळ आली तेव्हा लानुओला पुढे सरकली.

“सुई इकडे दे,” ती म्हणाली. “माझी नजर चांगली आहे.”

फुआतिनोने बोटाने जागा दाखवली. लानुओलाने टाके घातले. तालोसागा वाकून बघत होती. “टाका वाकडा पडतोय, बाईसाहेब.” लानुओलाने तो उसवून पुन्हा घातला.

मित्रांनो, या ठिकाणी माझा राग शांत व्हायला हवा, असं तुम्हाला वाटत असेल. झालेला नाही. चटई विणकामघरात आहे, लोक येतात, फोन टेकवतात. माझ्या कोपऱ्याला टेकवला तर मी लानुओलाचंच नाव घेतो आणि घेत राहणार. म्हणून तुम्हाला विनंती करत नाही, बजावतो. आम्हाला हातात घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, आम्ही नाही म्हणू शकत नाही. लिहिण्याआधी आत काय आहे ते वाचा. चौकट नाव मागत असेल तर कुणाचं, हे आधी विचारा. जे पुसणार आहात ते कुणी लिहिलं होतं, याचा शोध घ्या. जे सुरक्षा म्हणून घातलं आहे ते वैतागून काढू नका. आणि कायमचं काही करण्याआधी ज्याचं ते आहे, त्याला ऐकवा. अर्धा सेकंद लागतो पुसायला. तेवढा वेळ थांबायला तुम्हाला जड जातं, हे मी तीन घरांत पाहिलेलं आहे.

शिवून झाल्यावर मातालेनाने दुमडलेल्या पातीच्या कोपऱ्याला फोन टेकवला. वाचलेली अक्षरं: एकतीस. मग आधी तालोसागाच्या, मग लानुओलाच्या आणि शेवटी स्वतःच्या फोनवरून, अट काढलेल्या आणि मुद्दाम जपून ठेवलेल्या जुन्या पानाने, तिने त्यावर दुसरं नाव लिहून पाहिलं. प्रयत्न: तीन. लिहिली गेलेली अक्षरं: शून्य.